दोन भेटी : एक हस्तिदंताची, एक सागवानाची

एका राष्ट्राने दुसऱ्याला दिलेली भेट म्हणजे निव्वळ शिष्टाचार, असा आपला समज असतो. परंतु काय दिले आणि ते कोणी घडवले, हे पाहिले की देणाऱ्याचे मन कळते. न्यूयॉर्क येथील संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीतील दोन कोरीव शिल्पांवरून हे मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

पहिले शिल्प चीनने १९७४ साली दिले. आठ हस्तिदंतांतून छंगतू-कुनमिंग रेल्वेमार्ग कोरला आहे : डोंगर, पूल, बोगदे आणि धावणारी आगगाडी. सुमारे ११०० किलोमीटरांचा हा मार्ग १९७० मध्ये पूर्ण झाला. दारापुढचे दोन डोंगर खणून काढायला निघालेल्या म्हाताऱ्याची एक प्राचीन चिनी कथा आहे. लोक हसले, तेव्हा तो म्हणाला, माझ्यामागे मुले खणतील, त्यांच्यामागे नातवंडे. हे शिल्प म्हणजे मला तीच कथा वाटते. मात्र आठ सुळे म्हणजे किमान चार हत्ती, हेही विसरता येत नाही. पुढे २०१७ च्या अखेरीस चीनने स्वतःच देशातील हस्तिदंताचा व्यापार बंद केला.

दुसरे शिल्प डेन्मार्कचे, १९५३ सालचे. हेन्रिक स्टार्के या शिल्पकाराने सागाच्या खोडातून हात उंचावलेली स्त्री आणि वर झेपावणारा पक्षी कोरला. ते विश्वस्त मंडळाच्या सभागृहात आहे. पारतंत्र्यातून स्वातंत्र्याकडे निघालेल्या अकरा प्रदेशांवर या मंडळाची देखरेख होती. १९९४ मध्ये शेवटचा प्रदेश, पलाऊ, स्वतंत्र झाला आणि मंडळाचे काम थांबले. पक्षी खरोखरच उडाला.

चीनने आपला पराक्रम दाखवला, डेन्मार्कने दुसऱ्यांसाठी आशा व्यक्त केली. पण मला वेगळाच फरक जाणवतो. सागवानी शिल्पाबरोबर स्टार्केचे नाव घेतले जाते. हस्तिदंती शिल्पासाठी अठ्ठ्याण्णव कारागीर दोन वर्षांहून अधिक काळ राबले. वर्णनात त्यांची संख्या येते, नावे येत नाहीत.

माझे वडील सुतार आहेत. आमच्या गावातल्या एका वाड्याचा सागवानी दरवाजा त्यांनी कोरला. चौकटीवर मालकाचे नाव आहे. वडिलांना अक्षरओळख नाही, म्हणून असेल, त्यांना ते कधी खटकले नाही. मला वाचता येते, म्हणून खटकते.

भेटीवर देशाचे नाव अवश्य असावे. त्याखाली, लहान अक्षरांत का होईना, घडवणाऱ्या हातांचेही असावे.