पाण्याचे त्रैराशिक

राहूच्या विद्यार्थ्यास पाण्याविषयी शिकवू जाणे म्हणजे माशाच्या पिलास पोहावयास शिकविणे होय, हे आम्ही जाणून आहो. मुळा-मुठेच्या काठी ऊस पाहतच तो लहानाचा मोठा होतो. तरीही एकदा वर्गात आम्ही विचारले : गावात पाणी थोडे, कुटुंबे पुष्कळ, ते कसे वाटावे? गणितात हुशार अशा एका मुलाने तत्काळ एकरांचा हिशेब मांडला. ज्याची जमीन दुप्पट, त्यास पाणी दुप्पट. त्रैराशिक बिनचूक होते. परंतु मोजावयाचे ते एकरच का, हे त्याने स्वतःस विचारलेच नव्हते.

शेजारच्या पुरंदर तालुक्यात, नायगावी, हा प्रश्न खरोखरच सोडविला गेला. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे अभियंते व कारखानदार विलासराव साळुंखे (१९३७–२००२) ह्यांनी दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे पाहिली. पुढे त्यांनी देवस्थानची ४० एकर माळजमीन खंडाने घेतली आणि उतारावर बांध घालून, पाझर तलाव करून पावसाचे पाणी अडविले. इतके काम अभियंत्याचे. ते येथेच थांबते, तर अडविलेले पाणी ज्यांच्या जमिनी तलावाखाली, त्यांच्याच विहिरींत गेले असते. साळुंख्यांनी माणसे मोजली. माणशी अर्ध्या एकरापुरते पाणी, कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरते. आणि हक्क माणसाचा म्हणून भूमिहीनासही वाटा. हीच पाणीपंचायत. तीत उसास मनाई होती, कारण वर्षभर पाणी पिणाऱ्या एक एकर उसाच्या मोबदल्यात ज्वारी-बाजरीचे कित्येक एकर भिजतात. खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी घालावयाचा होता. फुकटच्या वस्तूची राखण कोणी करीत नाही, हे आमच्या मते ह्यात अभियांत्रिकीइतकेच महत्त्वाचे आहे. स्थापत्य, गणित, पीकशास्त्र आणि मनुष्यस्वभाव ह्यांपैकी एकही वगळला असता, तर ही योजना लंगडी पडती.

राहूत ऊस बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. नदीकाठची गोष्ट निराळी. शिवाय पुष्कळांच्या वह्यापुस्तकांचा खर्च उसावरच चालतो! पण अतिपाण्याने जमीन खारवते, हे परीक्षेत सुरेख लिहिणारा विद्यार्थी घरी उसास पाणी देताना ते आठवीत नाही. वह्या विषयवार निराळ्या असतात. शेत एकच असते.

पुढल्या चाचणीत आम्ही विचारले, नायगावच्या नियमाने सहा माणसांच्या कुटुंबास किती एकरांचे पाणी? बहुतेकांनी तीन लिहिले. एकाने अडीच लिहून खाली प्रश्न केला होता : मग सहाव्याने काय खावे? त्या उत्तरास गुण देण्यापूर्वी आम्हांस बराच वेळ थांबावे लागले.