हात उलले तर



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगतो. आमच्या गावात रात्रीचा वर्ग चालतो. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाया आठ वाजता पाटी घेऊन बसतात. त्यांत एक मावशी आहेत. वय पन्नाशीचे. अक्षर सुरेख. त्या रात्री त्यांनी दोन अक्षरे काढली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"काय झालं, मावशी?" मी विचारले.

"धरवत नाही, गुरुजी. बोटं उलली."

त्यांनी हात दिव्यापुढे केला. अंगठ्याच्या नखाच्या कडेला खोल चीर पडली होती. आत लाल दिसत होते. नखांच्या मुळाशी सालपटे निघाली होती. वाळलेल्या बोंडांची टोके लागून बोटे खरवडली होती.

मावशी म्हणाल्या, "सकाळी रेशनच्या दुकानात गेले होते. मशीनवर तीनदा अंगठा ठेवला. मशीन घेईना. दुकानदार म्हणाला, उद्या या. म्हणजे उद्याची मजुरी बुडाली. आणि इथं सही शिकावी म्हटलं, तर बोट पेन्सिल धरू देईना. आता मी ना अंगठ्याची राहिले, ना सहीची!"

वर्ग हसला. मावशीही हसल्या. पण गोष्ट हसण्याची नव्हती. कापूस किलोवर वेचायचा असतो. बोट ठणकले की वेचणी कमी होते. वेचणी कमी झाली की पैसे कमी होतात. ज्याचे पोट हातावर आहे, त्याचे हात म्हणजेच त्याचे भांडवल.

त्या रात्री मी ठरलेला धडा मिटून ठेवला. आम्ही हातांविषयी बोललो. तेच इथे लिहितो.

कातडी का उलते?

आपल्या काळ्या रानाकडे बघा. पावसाळ्यात माती लोण्यासारखी मऊ असते. उन्हाळ्यात तीच माती तडकते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात. असे का होते? मातीतले पाणी निघून जाते. माती आवळते आणि फाटते.

कातडीचेही तसेच आहे. थंडीतली हवा कोरडी असते. ती कातडीतले पाणी ओढून घेते. कातडी ताठ होते. मूठ वळली की ती फाटते.

कातडी म्हणजे एक भिंत समजा. भिंतीत विटा असतात आणि विटांमध्ये माती-चुना असतो. कातडीच्या वरच्या थरातही बारीक कण विटांसारखे रचलेले असतात. त्यांच्यामध्ये चरबी भरलेली असते. ही चरबी आतले पाणी बाहेर जाऊ देत नाही.

आता साबण, धुण्याचा सोडा, भांड्यांची पावडर आणि राख यांचे काम काय? ओशटपणा काढणे. भांड्याचा ओशटपणा जातो, त्याबरोबर हाताची चरबीही जाते. पाणी कढत असले तर ती आणखी लवकर जाते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. डोके धुतले नाही, तर केस चार दिवसांत तेलकट होतात. तळहात कधी तेलकट होतो का? होत नाही. तळहात आणि तळपाय यांच्या कातडीत तेल पाझरणारे पिंड नसतातच. तिथे घाम येतो, पण तेल येत नाही. म्हणून हाता-पायांना तेल आपणच द्यावे लागते.

आधी पाणी, मग तेल

हे ऐकून एक दादा म्हणाले, "गुरुजी, मी तर रोज तेल लावतो. तरी हात घोरपडीसारखे खरखरीत!"

"केव्हा लावता?"

"निजायच्या आधी. शेकोटीवर हात चांगले शेकून."

इथेच चूक होती. शेकोटी हातातले उरलेसुरले पाणीही घालवते. कोरड्या हातावर तेल चोळले तर हात चकाकतो, पण आत पाणी येत नाही. शेताला पाणी दिल्यावर आपण पालापाचोळ्याचे आच्छादन घालतो. ओल टिकावी म्हणून घालतो. कोरड्या जमिनीवर आच्छादन घालून काय उपयोग? तेल हे हाताचे आच्छादन आहे. ते ओल्या हातावरच लावावे.

रोज रात्री असे करा:

१. कोमट पाण्यात पाच मिनिटे हात बुडवून ठेवा. पाणी कढत नको.

२. पंचाने हात टिपून घ्या. खसाखसा पुसू नका. थोडी ओल राहू द्या.

३. लगेच तेलाचे चार-पाच थेंब घ्या. तळहात, हाताची पाठ आणि बोटांच्या बेचक्या चोळा. शेवटी एकेका नखाच्या मुळाशी तेल जिरवा.

४. जुने, धुतलेले सुती पायमोजे हातांत घालून झोपा. तेल अंथरुणाला न लागता हातातच राहते.

दिवसासुद्धा भांडी घासून झाली की हात स्वच्छ खळबळून टिपावेत आणि एक-दोन थेंब तेल लावावे. अंगठीखाली आणि बेचक्यांत साबण राहू देऊ नये. राहिला तर तिथे खाज सुटते.

तेल कोणते घ्यावे? महाग तेलाची गरज नाही. खोबरेल चांगले. ते साधारण २४ अंशांखाली थिजते, म्हणून थंडीत बाटली कोमट पाण्यात ठेवावी. तिळाचे तेलही चालते. कोकणात कोकमाच्या बियांचे तेल काढतात. ते घट्ट गोळ्यासारखे असते. ते जरा ऊब देऊन भेगांत भरतात. दुकानातले साधे व्हॅसलीनही उत्तम. मशीनचे तेल किंवा रॉकेल मात्र हाताला लावू नये. रंग वा ग्रीस काढायलासुद्धा रॉकेल वापरू नये. त्यासाठी आधी खाण्याचे तेल चोळावे, मग साबणाने धुवावे.

भेग खोल असेल तर घरी मलम करता येते. मधमाशीचे मेण एक भाग घ्या. तिळाचे तेल चार भाग घ्या. दोन्ही वाटीत घालून ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. मेण विरघळले की ढवळून निवू द्या. वाटी सरळ विस्तवावर ठेवू नका, पेट घेईल. मेणबत्तीचे मेण घेऊ नका. हे मलम धुतलेल्या भेगेत भरावे आणि वर स्वच्छ चिंधी बांधावी. भेगेत पू असेल तर मात्र मलम भरू नये.

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. दिवाळीला अंगाला तेल लावून न्हायचे. भोगीला तीळ लावून न्हायचे. दोन्ही सण थंडीतले. पण आपण तेवढे दोन दिवस पाळतो आणि मधले दोन महिने विसरतो.

नखाचा बांध

नखाच्या मुळाशी बघा. पातळ कातडीची एक कड नखाला चिकटलेली दिसेल. ती उगीच नाही. नख आणि बोट यांमधली फट ती बुजवते. शेताला जसा बांध, तशी नखाला ही कड. बांध फुटला की पाणी घुसते. ही कड फाटली की जंतू घुसतात. म्हणून ती कापू नये, खरवडू नये, टोकराने मागे ढकलू नये. तिला तेल द्यावे, म्हणजे ती मऊ राहते.

नखाच्या कडेला सालपट निघाले की आपला हात शिवशिवतो. ते ओढावेसे वाटते, दातांनी तोडावेसे वाटते. तसे करू नका. सालपट वर मेलेले असते, पण खाली जिवंत कातडीला जोडलेले असते. ओढले की जिवंत कातडीही फाटते. बोट कोमट पाण्यात भिजवावे. सालपट मऊ झाले की स्वच्छ नेलकटरने मुळापाशी कापावे आणि वर तेल लावावे.

यात मी स्वतः चुकलो आहे. शाळेत असताना दिवसभर हातात खडू. खडूच्या भुकटीने हात कोरडे पडत. एकदा वर्गात बसल्या बसल्या सालपट दातांनी तोडले. दोन दिवसांत बोट टरारून सुजले. नखुर्डे झाले. कोणी म्हणाले, काट्याने फोडा. मी शिकलेला माणूस, तरी ऐकले आणि फोडले. मग सूज अधिकच वाढली. रात्रभर ठणका. शेवटी डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला. पंधरा दिवस खडू धरता आला नाही. मुलांना आरोग्याचा धडा शिकवणारा हेडमास्तर बोट बांधून बसला होता!

नखुर्डे आणि धनुर्वात

नखाची कड लाल झाली, सुजली, ठणकू लागली, की नखुर्डे सुरू झाले असे समजावे. पू झाला नसेल तर दिवसातून तीन-चार वेळा, पंधरा पंधरा मिनिटे, बोट कोमट पाण्यात शेकावे. बरेचदा एवढ्याने उतार पडतो. दोन दिवसांत उतार पडला नाही, किंवा पिवळा पू दिसला, तर दवाखान्यात जावे. सुई-काट्याने फोडू नये. चुना, तंबाखू, शेण, माती काही लावू नये. काही ठिकाणी लिंबाची टोपी करून बोटाला घालतात. लिंबाने पू निघत नाही. आग मात्र होते.

ताप आला, बोट वाकेनासे झाले, किंवा हातावर लाल रेघ वर चढताना दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी साध्या सुजेलाही थांबू नये.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. जखमेतून ते अंगात शिरतात. जबडा आवळतो, अंग ताठ होते, जीव धोक्यात येतो. यावर लस आहे. ती सरकारी दवाखान्यात मिळते. शेवटची लस कधी घेतली ते आठवत नसेल तर तिथे जाऊन विचारावे. हात उलले असतील तेव्हा शेणात उघडा हात घालू नये. घालावाच लागला, तर नंतर लगेच साबणाने धुवावा.

आणखी दोन खुणा सांगतो. भेग पडली, पण ती दुखतच नाही, जागा बधिर आहे, किंवा अंगावर फिकट बधिर चट्टा आहे, तर ती थंडीची भेग नसेल. कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. तसेच थंडी सरली तरी हात बरे होत नाहीत, खाज थांबत नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. सिमेंटचे काम करणाऱ्यांनी तर हे जरूर लक्षात ठेवावे. सिमेंटने कातडी भाजते. रबरी हातमोजे घालूनच ते काम करावे.

मावशींचे पुढे काय झाले?

मावशींनी रोज रात्री पाणी आणि तेल सुरू केले. वेचणीला जाताना त्या बोटांना सुती चिंध्या गुंडाळू लागल्या. पहिल्या दिवशी बायांनी चेष्टा केली. आठ दिवसांनी चौघी जणी चिंध्या गुंडाळून आल्या. तीन आठवड्यांत मावशींची चीर भरली.

मग त्या रेशनच्या दुकानात गेल्या. जाण्याआधी मी एक गोष्ट सांगितली होती. तेलाचा अंगठाही मशीन नीट घेत नाही. तेल रात्री लावावे. दुकानात जाताना अंगठा धुऊन, पुसून जावा. फार कोरडा वाटला तर ओल्या फडक्याने जरा टिपावा. मावशींचा अंगठा पहिल्या वेळी उमटला नाही. दुसऱ्या वेळी उमटला. कष्टाने बोटांवरच्या रेघा झिजतात, त्या एका महिन्यात सगळ्या परत येत नाहीत.

म्हणून हेही माहीत असू द्या. अंगठा उमटला नाही म्हणून कोणाचे धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने २०१७ साली राज्यांना कळवले आहे. मोबाईलवर येणारा आकडा सांगून किंवा डोळ्यांची ओळख घेऊनही काम होऊ शकते. 'उद्या या' म्हटले, तर 'दुसरी सोय काय आहे?' असे नम्रपणे पण ठामपणे विचारावे. तक्रार करायची वेळ आली तर अर्ज लिहावा लागतो. अर्ज लिहायला बोटे धड हवीत आणि अक्षरही हवे.

त्या रात्री मावशींनी पाटीवर आपले पूर्ण नाव लिहिले. मग हात पुसून म्हणाल्या, "गुरुजी, आता दोन्ही चालतात. अंगठाबी आन् सहीबी."

शब्दांचे अर्थ

उलणे – कातडीला भेगा पडणे
बेचकी – दोन बोटांमधली जागा
नखुर्डे – नखाच्या कडेला येणारी पू भरलेली सूज
बधिर – जिथे स्पर्श कळत नाही असे
आच्छादन – झाकण, पांघरूण

प्रश्न

१. तळहाताला तेल वरून का द्यावे लागते?
२. शेकोटीवर हात शेकून तेल लावले तर काय होते?
३. नखाच्या कडेचे सालपट कसे काढावे?
४. नखुर्ड्यासाठी दवाखान्यात केव्हा जावे?
५. आज रात्री आपल्या हातांना तेल लावा. उद्या 'आधी पाणी, मग तेल' हे शब्द वहीत पाच वेळा लिहा. खाली आपली सही करा.