चंचल मुलाला कोणते औषध?



अंथुर्णे परिसरातील एका पारधी वस्तीवरच्या मुलाच्या औषधासाठी आपल्यापैकी काहींनी मदत पाठवली आणि सोबत प्रश्नही विचारले. एवढ्या लहान मुलाला मेंदूचे औषध कशाला? त्याची सवय लागली तर? आणि प्रार्थना पुरेशी नव्हती का? एकेकाला पत्र लिहिण्याऐवजी इथे सविस्तर लिहिते.

मुलगा नऊ वर्षांचा. वर्गात पाच मिनिटे बसत नसे, दप्तर कुठेही विसरे, खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबत नसे, दुसऱ्याची वस्तू न विचारता उचलून पाही. दुसऱ्या कुणाचा असता तर ‘वांड आहे’ म्हणून लोकांनी सोडून दिले असते. हा पारध्याचा, म्हणून ‘शेवटी रक्तच ते’ असे माझ्या कानांनी ऐकले. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांचा शिक्का १९५२ साली देशभर रद्द झाला; वस्तीबाहेरच्या मनांतून तो अजून गेलेला नाही. त्यामुळे या मुलाचे निदान होणे ही केवळ अभ्यासाची गोष्ट नव्हती.

या विकाराला एडीएचडी म्हणतात. लक्ष टिकत नाही, हालचाल थांबत नाही, मनात आले की कृती होऊन जाते. तो ओळखायला रक्ताची तपासणी किंवा स्कॅन नाही. लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा महिन्यांहून अधिक टिकलेली आणि घरी व शाळेत, दोन्हीकडे दिसणारी असावी लागतात. त्याआधी कान, डोळे, झोप, रक्तातील लोह आणि क्षणभर भान हरपणारी फिट हे सारे तपासून घ्यावे. ऐकू कमी येणारे मूलही ‘लक्ष देत नाही’. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळा-अंगणवाडीत येते, त्याच्या तपासणीच्या यादीत हा विकार आहे. शिक्षकांनी आणि आपण पथकाला तसे मूल आवर्जून दाखवावे.

सहा वर्षांखालच्या मुलासाठी आधी पालकांना वागणुकीचे प्रशिक्षण देतात. त्याहून मोठ्या मुलाला त्रास जास्त असेल तर औषधाचा विचार होतो, आणि तेव्हाही घरचे व शाळेतले मार्गदर्शन चालूच ठेवायचे असते.

सर्वांत जास्त वापरले जाते ते मिथाइलफेनिडेट. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील लिआंद्रो पानिझोन यांनी ते १९४४ साली तयार केले आणि पत्नी रिटाच्या नावावरून त्याला रिटालिन हे नाव मिळाले. हे उत्तेजक औषध आहे. चंचल मुलाला उत्तेजक? प्रश्न बरोबर आहे. मेंदूतील जो भाग ‘थांब, आधी हे पुरे कर’ असे सांगतो, त्याला ते जागे करते. याचा सुगावा १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना लागला होता. त्यांनी तीस मुलांना बेन्झेड्रिन दिले. त्यांतील चौदा मुलांचा अभ्यास ठळकपणे सुधारला.

मिथाइलफेनिडेटची साधी गोळी तासाभरात लागू पडते आणि तीन-चार तासांत उतरते. हळूहळू विरघळणारी गोळी शाळेचा बहुतेक दिवस पुरते. भूक मंदावणे, उशिरा झोप लागणे, पोट किंवा डोके दुखणे हे त्रास होऊ शकतात. नाडी आणि रक्तदाब थोडे वाढतात. म्हणून घरात कुणी लहान वयात अचानक दगावले आहे का, मूल कधी चक्कर येऊन पडले आहे का, हे डॉक्टरांना आधीच सांगावे. वजन-उंची वेळोवेळी मोजावी.

इथे माझी चूक सांगते. पहिल्या महिन्यात मी गोळीची वेळ पाहिली, जेवणाची पाहिली नाही. आधीच किडकिडीत असलेला मुलगा सकाळी उपाशीपोटी गोळी घेई आणि दुपारच्या शालेय पोषण आहाराला हात लावत नसे. वजन घटले तेव्हा मी जागी झाले. मग डॉक्टरांना विचारून क्रम बदलला: आधी भाकरी आणि शेंगदाणे, नंतर गोळी, आणि गोळी उतरल्यावर संध्याकाळी पोटभर जेवण.

सवयीबद्दल. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरल्या मात्रेत घेतल्यास सहसा व्यसन लागत नाही. पण दुरुपयोग होऊ शकतो, म्हणून कायदा कडक आहे. हे औषध ‘शेड्यूल एक्स’मध्ये येते. वेगळा परवाना असलेल्या दुकानातच मिळते, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदार दोन वर्षे जपून ठेवतो. शहरात हे जमते. नीरा डाव्या कालव्याकाठच्या वस्तीवरून त्यासाठी दिवसाची मजुरी बुडते.

दुसरा पर्याय अॅटोमॉक्सेटिन. हे उत्तेजक नाही आणि शेड्यूल एक्समध्येही नाही. मात्र परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ते रोज घ्यावे लागते. मळमळ, सुस्ती येऊ शकते. क्वचित यकृताला त्रास होतो किंवा मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात. डोळे पिवळे दिसले किंवा मूल एकदम उदास झाले तर लगेच डॉक्टर गाठावा. कॅप्सूल फोडून पाण्यात देऊ नये.

क्लोनिडिन हेही कधी देतात, विशेषतः झोप लागत नसेल तर. ते अचानक बंद केल्यास रक्तदाब उसळतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात गोळ्या मध्येच संपण्याची भीती असते, तिथे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. कुटुंब वर्षातले किती महिने कुठे असते, हे सांगितल्याशिवाय औषध निवडूच नये असे माझे मत झाले आहे.

आता प्रार्थनेचा प्रश्न. आम्ही प्रार्थना केली, अजूनही करतो. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता हे आपण संडे स्कूलमध्ये शिकवतो. मग पारध्याच्या मुलाने डॉक्टरकडे गेल्यावर त्याचा विश्वास का मोजावा?

ज्यांच्या मंडळीत असे मूल असेल त्यांनी टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे, किंवा सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे. उरलेली गोळी एका मुलाची दुसऱ्याला कधीही देऊ नये.

या हंगामात आईवडील तोडीला गेले, मुलगा आजीजवळ राहिला. औषधाचा डबा आजीच्या कुलपात आहे. गुरुजींनी त्याला पहिल्या बाकावर बसवले असून दर वीस मिनिटांनी पाण्याची कळशी आणायला पाठवतात. आपल्या मदतीतून यापुढे प्रवासाचे भाडे आणि शेंगदाण्यांचा खर्च निघेल. गोळ्यांपेक्षा सध्या त्याचीच जास्त गरज आहे.