एकच खेळ, अनेक यंत्रें

संगणकावरील खेळ खेळावयास बहुतेकांस आवडतें. परंतु तो रचणारास कोणत्या अडचणी येतात, याचा विचार खेळणारा सहसा करीत नाहीं. एका यंत्रावर रचिलेला खेळ दुसऱ्या यंत्रावरही तसाच चालावा, ही त्यांतील एक मोठी अडचण होय. आमच्या संगणक-मंडळास या वर्षीं तिचा जो अनुभव आला, तो विद्यार्थी बंधुभगिनींपुढें येथें मांडीत आहों.

आम्हीं चेंडू व फळी यांचा एक साधा खेळ रचिला. खालच्या फळीनें चेंडू उडवावयाचा व वरच्या विटा फोडावयाच्या, एवढेंच त्यांत होतें. ज्या संगणकावर तो रचिला, त्यावर तो सुरेख चाले. मग तोच खेळ आम्हीं दुसऱ्या, नव्या संगणकावर चढविला आणि पांचवीच्या एका मुलास खेळावयास बसविलें. पण तेथें चेंडू इतक्या वेगानें धांवूं लागला कीं, फळी जागची हलते न हलते तोंच डाव संपे. तीन डाव हरल्यावर "मला हें येत नाहीं," असें म्हणून तो मुलगा खालीं मान घालून उठला. वास्तविक दोष त्याचा नव्हता, आमचा होता.

कारण शोधूं लागलों तेव्हां तें लवकरच सांपडलें. चलच्चित्राप्रमाणें संगणकाचा पडदाही एकामागून एक चित्रें दाखवीत असतो. अशा प्रत्येक चित्रास 'फ्रेम' म्हणतात. दर फ्रेमला चेंडूनें २ ठिपके सरकावें, असा नियम आम्हीं लिहिला होता. आमच्या पडद्यावर सेकंदास ६० फ्रेम उमटत, म्हणून चेंडू सेकंदांत १२० ठिपके जाई. नव्या पडद्यावर १४४ फ्रेम उमटत; तेथें तोच चेंडू २८८ ठिपके जाऊं लागला!

यंत्राच्या गतीवर खेळाची गति अवलंबून असणें ही गोष्ट नवी नव्हे. १९७८ सालीं जपानांत तोमोहिरो निशिकादो यांनीं 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ रचिला. त्यांत शत्रू जसजसे मारले जात, तसतसें चित्रें काढण्याचें काम कमी होई व उरलेले शत्रू अधिक वेगानें चालत. तेथें त्यामुळें खेळाची रंगत वाढली. कारण तो खेळ त्याच्या स्वतःच्या यंत्रासाठींच बांधलेला होता. आमचा खेळ मात्र अनेक यंत्रांवर जावयाचा होता.

उपाय अंकगणितांतच आहे. अंतर म्हणजे वेग गुणिले काल. मागील फ्रेमपासून किती काल लोटला तो मोजून त्यानें वेगास गुणावें. वेग सेकंदास १२० ठिपके धरल्यास, ६० फ्रेमच्या यंत्रावर चेंडू दर फ्रेमला २ ठिपके सरकेल व ३० फ्रेमच्या यंत्रावर ४. सेकंदाअखेर दोहोंकडे अंतर सारखेंच भरेल.

परंतु एवढ्यानें काम भागत नाहीं. जुनें यंत्र अडखळून पुढची फ्रेम एक दशांश सेकंदानें आली, तर चेंडू एकदम १२ ठिपक्यांची उडी घेईल, आणि वीट १० ठिपके जाड असल्यास तिला न शिवतां पलीकडे निघून जाईल. म्हणून लोटलेल्या कालाचे एक साठांश सेकंदाचे समान तुकडे पाडावे, प्रत्येक तुकड्याची चाल निराळी मोजावी व दर वेळीं वीट लागली कीं काय तें पाहावें. उरलेला अपुरा तुकडा पुढील फ्रेमसाठीं राखून ठेवावा. आम्हीं वापरलेलें 'गोडो' हें साधन अर्जेंटिनांत निर्माण झालें व २०१४ सालीं सर्वांस मुक्त करण्यांत आलें. त्यांत ही सोय तयारच आहे. पण चेंडूची चाल त्या सोयीच्या स्वाधीन करणें हें रचणाराचेंच काम आहे.

हीच दृष्टि इतरत्रही ठेवावी लागते. कळफलक असो वा बोटाचा स्पर्श, खेळास केवळ 'डावीकडे' एवढीच आज्ञा पोंचावी. आणि फळीची जागा ठिपक्यांनीं न ठरवितां पडद्याच्या रुंदीच्या प्रमाणांत ठरवावी.

सुधारलेला खेळ आम्हीं त्याच मुलापुढें ठेविला. तो पहिला डाव हरला, पण या वेळीं स्वतःच्या चुकीनें. आणि लगेच दुसरा डाव मागून बसला. आपल्या यंत्रावर चाललें तें सर्वत्र चालेल, असें आम्ही गृहीत धरिलें होतें. जें इतरांसाठीं करावयाचें, तें इतरांच्या हातीं देऊन पाहिल्यावांचून पुरें झालें असें मानूं नये, हा धडा आम्हांस त्या मुलानें दिला.