गावरस्त्याची सुरक्षा : खर्च किती, पैसा कुठून?

गावच्या वळणावर अपघात झाला की लोक गतिरोधक मागतात आणि बांधकाम खातं ‘निधी नाही’ म्हणून मोकळं होतं. मागणी घाईची आणि उत्तर अर्धवट. ग्रामीण रस्ता सुरक्षित करायला लागणारी बरीचशी कामं दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात सहज मावतात, त्यांना वेगळी योजना लागत नाही. फक्त ती अंदाजपत्रक बनण्याआधी मागावी लागतात. डांबर पडून गेल्यावर ‘पांढरे पट्टे राहिले’ म्हणणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही.

आधी रस्ता कोणाचा ते बघा, कारण निम्मे अर्ज चुकीच्या टेबलावर धूळ खातात. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. रस्त्याचा क्रमांक (ग्रा.मा. किंवा इ.जि.मा. आणि पुढे आकडा) तालुक्याच्या बांधकाम उपविभागात शाखा अभियंत्याकडे मिळतो. क्रमांकच नसेल, म्हणजे पाणंद किंवा शिवरस्ता असेल, तर रस्त्यांच्या नेहमीच्या लेखाशीर्षातून पैसा मिळणं कठीण. तिथे शेत-पाणंद रस्त्यांसाठीच्या राज्याच्या योजनेकडे वळावं.

रस्ता प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतला असेल तर आधी सुरुवातीचा फलक वाचा. काम पूर्ण झाल्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी ठेकेदारावर असते. त्या मुदतीत साईडपट्टी खचली किंवा मोरीचा कठडा तुटला तर नवा निधी मागू नका, करारावर बोट ठेवा. ‘मेरी सडक’ ॲपवर फोटोसह तक्रार करता येते.

आता खर्च. रुपयांचा आकडा तोंडी विचारू नका, तो जिल्ह्यागणिक आणि खाणीच्या अंतरागणिक बदलतो. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची उघड असते. परिमाण आपण काढायचं, दर तिथला लावायचा आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरायचा.

गतिरोधकाचंच उदाहरण घ्या. भारतीय रस्ते महासभेच्या मापाप्रमाणे तो गोलाईदार, ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी फक्त १० सेंटिमीटर उंच हवा. पावणेचार मीटरच्या गावरस्त्यावर याला माल लागतो एक घनमीटरपेक्षाही कमी. म्हणजे महाग गतिरोधक नाही. त्याच्यासोबतचे पट्टे, दोन्ही बाजूंचे सूचनाफलक आणि अंधारात चमकणारे रिफ्लेक्टर यांचा हिशेब मोठा होतो, आणि नेमकं तेच गाळलं जातं. रंग नसलेला गतिरोधक रात्रीच्या दुचाकीस्वाराला खड्ड्याइतकाच घातक. अर्ज करताना फलक-पट्ट्यांसह मागा, नाहीतर मागूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

साईडपट्टीचा हिशेब उलटा. दिसायला क्षुल्लक, पण एक किलोमीटरला दोन्ही बाजूंना एक मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड मुरूम भरायचा म्हटलं तर दाबून ३०० घनमीटर होतो. तरीही अरुंद रस्त्यावर एसटीला बाजू देताना दुचाकी घसरते ती याच कडेवरून. सगळा किलोमीटर जमत नसेल तर वळणं, शाळा आणि मोरीजवळचे तुकडे आधी मागावेत. वळणाच्या आतल्या बाजूच्या वेड्या बाभळी तोडायला तर जवळपास फक्त मजुरी लागते, आणि समोरचं वाहन दिसायला लागतं. इतक्या कमी पैशांत इतका फरक पाडणारं दुसरं काम नाही. गावाला ते सुचत नाही, कारण त्याला उद्घाटन नसतं.

पैसा कुठून? जिल्हा परिषदेच्या रस्त्यांसाठी जिल्हा वार्षिक योजनेतून ३०५४ आणि ५०५४ या लेखाशीर्षांखाली निधी येतो. २५१५ हे ग्रामविकास विभागाचं मूलभूत सुविधांचं शीर्ष लोकप्रतिनिधींच्या शिफारशीवर चालतं. आमदार आणि खासदार यांचा स्थानिक विकास निधी प्रत्येकी वर्षाला ५ कोटी. त्यांचं शिफारसपत्र जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियोजन शाखेत पोचलं का, याची चौकशी आपणच करावी. गावठाणातल्या छोट्या कामांना ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा निधी चालतो. पंधराव्या आयोगाच्या २०२१-२६ या काळात त्यातला ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेला होता, ४० टक्के अबंधित. फलक, दिवे, पट्टे या अबंधित भागात बसतात, पण काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असलं तरच. रस्ता जिल्हा परिषदेचा असेल तर उपविभागाची ना-हरकतही जोडा. ग्रामसभेत ठराव मांडा आणि इतिवृत्तात तो शब्दशः लिहिला गेला का ते तिथेच वाचून घ्या. ‘रस्ता दुरुस्त करणे’ एवढंच लिहिलं तर नुसते खड्डे बुजवले जातील.

एकाच जागी वारंवार अपघात होत असतील तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे अर्ज करा. पोलीस, आरटीओ आणि बांधकाम खातं तिथे एकाच टेबलावर असतात, त्यामुळे टोलवाटोलवी जरा अवघड जाते. अर्जासोबत पोलीस ठाण्यातल्या गुन्हा नोंदींचे क्रमांक आणि तारखा द्या. ‘रोज अपघात होतात’ या वाक्याला कोणी विचारत नाही. मोटार वाहन कायद्याचं २०१९ मध्ये आलेलं कलम १९८-अ सुद्धा नमूद करावं. रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत मानकं न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

तुमच्या खिशातून जाणारे पैसे किरकोळ आहेत. अर्ज, ग्रामसभेचा ठराव आणि ‘आपले सरकार’वरची तक्रार फुकट. अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत माहिती अधिकारात मागायला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, पुढे पानाला २ रुपये. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिल्या अपिलाला २० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माहिती मागण्याचं शुल्कही माफ. राज्याच्या नियमाने एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, तेव्हा पाल्हाळ नको. याउपर ‘फाईल हलवायला’ कोणी काही मागितलं तर ती लाच आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४.

वर्गणी काढून स्वतःच सिमेंटचा उंचवटा घालण्याच्या फंदात मात्र पडू नका. त्यावर कोणी पडलं तर जाब गावाला द्यावा लागेल. आणि कुठलाही अर्ज दिलात तरी तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका.