आधी लाज बाजूला, मग गाडी

जड मोटरसायकल धावताना पडते त्यापेक्षा उभ्याउभ्याच जास्त पडते. पेट्रोल पंपावर, पार्किंगमध्ये, नाहीतर यू-टर्न घेताना पाय खडीवर घसरला की गेलीच. अंगाला खरचटतही नाही. पण पडल्याबरोबर माणूस आधी बघतो ते गाडीकडे नव्हे, आजूबाजूला. कोणी पाहिलं तर नाही ना? मग ओशाळल्यासारखं होऊन घाईघाईनं वाकतो आणि हिसका मारतो. कमरेचं वाटोळं होतं ते इथंच.

पावसाळ्यात ताम्हिणी घाटात कणसं खायला थांबलो होतो. कडेची माती भुसभुशीत झालेली. साइड स्टँड हळूहळू रुतत गेला आणि माझी क्लासिक ३५० डावीकडे आडवी झाली. वजन १९५ किलो. कणसं भाजणाऱ्या मावशी ओरडल्या, "दादा, थांबा, पोरं येतायत!" पण मागे गाड्यांची रांग, सगळे बघतायत, थांबतोय कोण? हँडल दोन्ही हातांनी धरून ओढलं. गाडी वीतभर उठली, कमरेत उसण भरली आणि गाडी पुन्हा खाली. पुढे कित्येक दिवस बुटाची नाडी बांधायला बायको लागायची.

नंतर माझ्याहून निम्म्या अंगाच्या एका मेकॅनिकनं करून दाखवलं. म्हणाला, "हातानं नाय साहेब, मांडीनं उचलायची."

त्याची रीत अशी. आधी इंजिन आणि चावी बंद. पेट्रोल गळत असेल तर आसपास कुणाला विडी-सिगारेट ओढू देऊ नका. गाडी गडगडू नये म्हणून गिअरमध्ये टाका. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा. डावीकडे पडली असेल तर तो खाली अडकलेला असतो, उभी केल्यावर पायानं काढावा लागतो. हँडल पडलेल्या बाजूलाच पूर्ण वळवा. आता गाडीकडे पाठ करून सीटला टेका. एका हातात खालच्या बाजूची मूठ, दुसऱ्या हातात मागचा ग्रॅब रेल किंवा चेसिसचा भक्कम भाग. इंडिकेटर धराल तर तो हातात येईल. गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा आणि सीट ढुंगणानं रेटत छोटी छोटी पावलं मागे टाका. उजवीकडे पडलेली असेल तर तापलेल्या सायलेन्सरपासून पोटऱ्या जपा.

सगळा जोर पहिल्या हातभर उचलण्यात लागतो. पुढे गाडी हलकी होत जाते आणि नेमकं तिथं फसायला होतं: त्याच जोरात रेटत राहिलात तर ती पलीकडे जाऊन आडवी. शेवटी हात सैल, लक्ष घट्ट.

उभी झाली की लगेच सेल मारू नका. पेट्रोलचा वास जाऊ द्या. क्लच-ब्रेकचे लिव्हर वाकलेत का, हँडल सरळ आहे का, फूटरेस्ट जागेवर आहे का, ते बघा. सेल मारूनही गाडी गप्प असेल तर आधी किल स्विच बघा. बहुतेकदा आपणच तो बंद केलेला असतो.

आणि कलणारी गाडी सावरायला कधी जाऊ नका. एकदा तोल गेला की पाय काढून घ्या, पडू द्या. आरसा बाजारात मिळतो, घोटा मिळत नाही. मऊ जमिनीवर स्टँडखाली चपटा दगड ठेवायची सवय लावून घ्या.

उतारावर, चिखलात, सुट्या खडीवर ही रीत चालत नाही. तिथं एकट्यानं नादी न लागता सरळ हाक मारा. आलेल्यांना कामं वाटून द्या: एकानं पुढचा ब्रेक दाबायचा, एकानं पलीकडे उभं राहून गाडी उलटू द्यायची नाही, बाकीच्यांनी उचलायचं. पडलेली बुलेट बघून मदतीला आला नाही, असा माणूस मला अजून भेटायचाय.