चित्र, अक्षर आणि खूण

जुना कागद जतन करावयाचा म्हणजे त्याचे छायाचित्र काढून ठेवावयाचे, असा समज अलीकडे सर्वत्र रूढ झालेला दिसतो. ग्रामपंचायतीचे दप्तर असो, शाळेची नोंदवही असो, की घरच्या पेटीतील वाडवडिलांचे कागद असोत, यंत्राच्या काचेवर पान ठेवले व चित्र उमटले की काम झाले असे लोक मानतात. चित्राने कागदाचे रूप वाचते, हे खरे. परंतु त्यातील मजकूर अद्याप मुकाच राहतो. तिकोणा पेठेच्या शंभर कागदांची चित्रे संगणकात असली, आणि 'तिकोणा' हा शब्द शोध म्हणून आज्ञा केली, तरी एकही कागद पुढे येणार नाही. कारण यंत्राच्या लेखी ते शब्द नसून काळे-पांढरे ठिपके होत. चित्रापासून शोधता येणाऱ्या, सुधारता येणाऱ्या व कामास लावता येणाऱ्या मजकुरापर्यंत कसे जावे, याचा विचार प्रस्तुत पाठात करू.

या प्रवासाच्या पायऱ्या तीन: चित्र, अक्षर आणि खूण. पहिलीविषयी थोडेच सांगणे पुरे. पान सरळ ठेवावे, सावली पडू देऊ नये, आणि इंचास तीनशे ठिपके इतकी तरी स्पष्टता असावी. पाया वाकडा असला म्हणजे पुढचे सारे बांधकाम वाकडे होते.

दुसरी पायरी अक्षरांची. छापील चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या साधनांत टेसरॅक्ट हे सर्वांस मोफत मिळणारे साधन प्रसिद्ध आहे. ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनीत त्याचा आरंभ १९८५ च्या सुमारास झाला, २००५ साली ते सर्वांस खुले करण्यात आले, आणि ते मराठीही वाचते. परंतु देवनागरीत सारखी दिसणारी अक्षरे पुष्कळ. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व यांत यंत्र चुकते. जुन्या छपाईतील ख पाहून ते 'रव' लिहिते. आणि अंकांत १ व ९, ५ व ६ यांची अदलाबदल करते. शब्दातील चूक वाचणाऱ्याच्या ध्यानात चटकन येते, कारण वाक्याचा अर्थ बिघडतो. अंकातील चूक मात्र निमूटपणे बसून राहते. शेताच्या गट क्रमांकात १ च्या जागी ९ पडला तर वाक्य तेवढेच शुद्ध दिसते. शेत तेवढे दुसऱ्याचे होते.

तिसरी पायरी खुणांची, व तीच आजचा मुख्य विषय. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन गृहस्थांनी कोणासही पान उघडून सुधारता यावे अशी एक व्यवस्था निर्माण केली, आणि हवाई बेटांच्या भाषेतील जलद या अर्थाचा 'विकी' हा शब्द तिला दिला. विकिपीडिया २००१ साली निघाला, मराठी विकिपीडिया २००३ साली. या पानांत मजकुराचे अंग कोणते हे साध्या चिन्हांनी सांगतात. सभेच्या वृत्तांताचा एक कल्पित नमुना पाहा:

== सभेचा वृत्तांत ==
'''ठराव:''' पाणंद रस्ता पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करावा.
{|
! काम !! जबाबदारी !! मुदत
|-
| खडी टाकणे || रस्ता समिती || ३१ मे
|}

दोन बरोबरीच्या चिन्हांत बसविलेली ओळ शीर्षक होय. तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हांतील शब्द ठळक होय. महिरपी कंस व उभी रेघ यांमध्ये तक्ता होय. येथे एक तत्त्व ध्यानी धरावे. खूण ही रूपाची नव्हे, अर्थाची असावी. कागदावर एखादी ओळ मोठ्या अक्षरांत आहे एवढ्याने ती शीर्षक ठरत नाही. ती पुढील भागाचे नाव असेल तरच शीर्षक.

मोठी कामे अनेकांत वाटून पार पाडण्यासाठी जी संगणकीय साधने वापरतात, त्यांतही याच जातीच्या खुणा चालतात. रेडमाइन या साधनात प्रत्येक कामाबरोबर एक विकी असते. जुन्या वृत्तांतातील ठराव तेथे खुणांसह उतरला, की कोणते काम कोणाकडे व कोणत्या मुदतीचे हे सर्वांस एकाच ठिकाणी दिसते, आणि कोणी काय बदलले याचीही नोंद राहते. मात्र प्रत्येक साधनाची बोली निराळी. # हे चिन्ह विकिपीडियात अनुक्रमांक घालते, तर मार्कडाउन नावाच्या बोलीत तेच शीर्षक करते. रेडमाइनमध्ये टेक्स्टाइल व मार्कडाउन या दोन्ही बोली असून कोणती चालू आहे हे आधी पाहावे लागते. एका बोलीतून दुसरीत मजकूर नेण्यास पॅन्डॉक हे मोफत साधन उपयोगी पडते; पण नेल्यावर तक्ते डोळ्यांनी तपासावेतच.

अनुक्रमांकांविषयी विशेष सावधगिरी हवी. मूळ कागदात चौथ्या ठरावानंतर सहावा आला असेल, तर # वापरताच यंत्र त्यास पाचवा करील, आणि एक ठराव गहाळ आहे ही महत्त्वाची साक्ष पुसून जाईल. म्हणून जुन्या कागदाचे अंक जसेच्या तसे हाताने लिहावे. तिथीचेही असेच. शकाच्या आकड्यात ७८ मिळविले म्हणजे बहुधा इसवी सन येतो, आणि जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. मूळ तिथी मजकुरात राखावी व इसवी तारीख निराळ्या घरात द्यावी. एकीच्या जागी दुसरी घालू नये.

येथे मूळ प्रश्न येतो: नक्कल करणाऱ्याने सुधारणा किती करावी? जुन्या छापील पानांत 'नाहीं', 'केलें', 'त्यानें' असे अनुस्वार आढळतात. १९६२ च्या लेखननियमांनी त्यांतील बरेचसे गेले. आजच्या विद्यार्थ्यास ते चुकीचे वाटतील. पण ते त्या काळाचे शुद्ध लेखन होते व ते काढण्याचा अधिकार नक्कलकारास नाही. स्थलनामांचेही तेच. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांस दिलेल्या तेवीस किल्ल्यांत आपला किल्ला होता. त्याचे नाव कोठे तिकोना, कोठे तिकोणा, तर कोठे वितंडगड असे लिहिलेले आढळते. सर्वत्र एकच रूप केले तर शोधणे सोपे होईल, पण कागद खोटा होईल. विकीची खूण ही अडचण सुरेख सोडविते. [[तिकोणा|वितंडगड]] असे लिहिले असता वाचकास 'वितंडगड' हाच शब्द दिसतो आणि दुवा मात्र तिकोण्याच्या पानाकडे जातो. मूळ शब्दही राहिला, सोयही झाली.

आता तपासणीकडे वळू. २००३ साली निघालेल्या विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयाची रीत अनुकरणीय आहे. तेथे एका बाजूस पानाचे चित्र व दुसऱ्या बाजूस अक्षरे अशी मांडणी असते. यंत्राने वाचलेले पान लाल. एका मनुष्याने चित्राशी ताडून पाहिले म्हणजे पिवळे. आणि दुसऱ्या मनुष्याने पुन्हा ताडले तरच हिरवे. ज्याने पान पिवळे केले त्यालाच ते हिरवे करता येत नाही. मराठी विकिस्रोतावरही याच रीतीने जुने ग्रंथ उतरतात. आपलीच चूक आपल्या डोळ्यांस दिसत नाही, हे मानवी स्वभावाचे ज्ञान या छोट्या नियमात साठविले आहे.

हे सारे केवळ ग्रंथांपुरते नाही. १९७२ साली पुरे झालेल्या पवना धरणासाठी या मावळातील जमिनी गेल्या, आणि त्या शेतकऱ्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे कित्येक दशके रेंगाळला. अशा कुटुंबांचा आधार म्हणजे कागद. असा कागद यंत्राकडून वाचवून घेतला व कोणी ताडला नाही, तर चुकलेला अंक तक्त्यात, तक्त्यातून यादीत, यादीतून अर्जात जातो. आणि प्रत्येक ठिकाणी तो सुबक छापील दिसत असल्याने त्यावरचा विश्वास वाढतच जातो. म्हणून नक्कल चित्रापासून कधीही तोडू नये. चित्र हा साक्षीदार, नक्कल ही त्याची जबानी. साक्षीदार हजर नसता जबानीची किंमत ती किती? याबरोबरच, खाजगी कागद सर्वांस खुल्या असलेल्या विकीवर घालू नयेत, हा विवेकही राखावा.

हे काम आपल्याकडे नवे नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगावची मोडी दप्तरे धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हा ग्रंथसमूह काढला; त्याचा पहिला खंड १८९८ साली निघाला. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळलेला नसतो. तो बाळबोधीत आणताना वाचणाऱ्यास प्रत्येक शब्दागणिक निर्णय करावा लागतो. संशय असेल तेथे प्रश्नचिन्ह घालणे हे अज्ञानाचे नव्हे, तर प्रामाणिकपणाचे लक्षण होय. साधने पालटली, कसोटी तीच राहिली.

विद्यार्थिमित्रांनो, या सुट्टीत घरातील वा शाळेतील एकच जुने पान घ्या. त्याचे चित्र काढा, यंत्राकडून वाचून घ्या, खुणा घाला, आणि मग शेजारच्या मित्रास ते चित्रासह द्या. एकाने चित्रातील अंक मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने नकलेत पाहावा. पुढच्या पानास कामे बदलून घ्यावी. मित्राने दाखविलेली चूक सुधारून झाली, की ते एक पान खरोखर जतन झाले असे समजा.